एररमध्ये 'इंट' हे नाव आलं कुठून?

स्क्रिप्टला वय हवं आहे आणि समोरच्याने 'बारा' असं अक्षरात लिहून एंटर दाबलं. टर्मिनलवर उत्तर येतं: 'इन्व्हॅलिड इंट व्हॅल्यू'. पण '१२' असं देवनागरी आकड्यांत लिहिलं, तर ते बिनतक्रार चालतं! पायथनच्या 'इंट'ला युनिकोडमधले दशमान अंक वाचता येतात, त्यांत आपलेही आले.

खरी गंमत त्या तक्रारीतल्या 'इंट' शब्दाची. कमांडसोबत लिहिलेले पर्याय वाचणारं स्टीव्हन बेथर्ड यांचं आर्गपार्स २०१० साली पायथन २.७ सोबत स्टँडर्ड लायब्ररीत आलं. हा संदेश तेच छापतं, पण त्याच्या साच्यात 'इंट'च्या जागी रिकामा खण असतो. 'टाइप' म्हणून तुम्ही जे द्याल, त्याच्याकडे आर्गपार्स आलेला मजकूर सोपवतं. तिथे व्हॅल्यूएरर उठला, की त्या टाइपचंच नाव उचलून त्या खणात बसवतं. मग 'टाइप' म्हणून स्वतःचं फंक्शन द्या आणि त्याला 'वय' म्हणा. पायथन ३ ला देवनागरी नावं चालतात. पुढच्या चुकीला टर्मिनल म्हणेल, 'इन्व्हॅलिड वय व्हॅल्यू'. संदेशाची एक ओळही न लिहिता!

इथे बरेचजण अडकतात. फंक्शनमध्ये 'वय १८ च्या खाली चालणार नाही' असं छान वाक्य लिहून व्हॅल्यूएरर उठवतात, आणि पडद्यावर दिसतं तेच जुनं 'इन्व्हॅलिड'. व्हॅल्यूएररमधलं वाक्य आर्गपार्स सरळ टाकून देतं. कुठल्या तरी लायब्ररीच्या पोटातून आलेला मजकूर वापरणाऱ्याला काय कळणार, असा हिशेब असावा, आणि मला तो पटतो. तुमचं वाक्य जसंच्या तसं पोचवायचं, तर आर्ग्युमेंटटाइपएरर उठवावा लागतो.

त्या वाक्याच्या आधी, कोणत्या पर्यायावर अडलं ते सांगणारा इंग्रजी तुकडा मात्र तरीही राहतो. तोही बदलायचा असेल, तर आर्गपार्सच्या पार्सरचा उपवर्ग करून त्याची 'एरर' ही मेथड नव्याने लिहायची. सगळ्या तक्रारी शेवटी तिच्यातूनच बाहेर पडतात. शब्द हवे ते घाला, पण मूळ मेथडच्या दोन सवयी मोडू नका. ती संदेश स्टँडर्ड एररवर पाठवते, म्हणून फाइलमध्ये वळवलेलं आउटपुट स्वच्छ राहतं. आणि ती २ हा कोड देऊन बाहेर पडते. युनिक्सच्या रिवाजात त्याचा अर्थ 'कमांड लिहिण्यात चूक', आणि तुमची स्क्रिप्ट चालवणारी दुसरी स्क्रिप्ट मराठी वाचत नाही, तो आकडा वाचते.

एका चुकीवर मात्र यातलं काहीच चालत नाही. 'टाइप' म्हणून 'बूल' दिलं आणि कोणी 'फॉल्स' लिहिलं, तर मिळतं 'ट्रू', कारण रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग बूलच्या लेखी खरीच. तक्रार उठतच नाही, तर तिचे शब्द बदलणार कुठे?