ठिणग्यांच्या आधीचे काम

वेल्डर म्हणजे काळी काच धरून ठिणग्या उडविणारा, एवढेच आपण जाणतो. किन्हवलीस कोणी लोखंडी फाटक करावयास टाकले, तर त्याने ठिणग्यांच्या आधीचे काम पाहावे. जाणता कारागीर अँगल कापतो, गुण्या लावतो, चारही कोपऱ्यांना नुसते टाके मारतो आणि दोन्ही कर्ण मोजतो. ते सारखे भरले, तरच एक कोपरा, मग त्याच्या समोरचा, असे सांधतो. वितळलेले लोखंड निवताना आकसते व चौकटीला ओढते. एकीकडून सलग सांधलेले फाटक पिळते.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा. तेवढ्यात हात बसतो. हा अंदाज कामावर येतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचे मोल आम्हांस येथेच वाटते. आसनगाव वा मुरबाडच्या कारखान्यात मुलाच्या हाती आरंभी मोजपट्टी आणि ग्राइंडर आला, तर घरच्यांना तो कमीपणा वाटतो. आमच्या मते खरे शिक्षण तेथेच सुरू होते, मात्र सांगणारा कोणी शेजारी उभा हवा! नुसता झाडू हाती देणे, याला उमेदवारी म्हणवत नाही. आपल्याकडच्या पावसात रॉड कोरडे राखणे, हेही त्याच शिक्षणात आले. दमट रॉडने सांध्यात बारीक छिद्रे राहतात, आणि ती वरून दिसतातच असे नाही.