विरोधी बाकांवरचे पहिले काम

जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या महापालिका निवडणुकांत मराठवाड्यातील दोन शहरांनी एकमेकांच्या नेमका उलट कौल दिला. लातूरकरांनी काँग्रेसच्या पदरात बहुमत टाकले आणि भारतीय जनता पक्षाला विरोधी बाकांवर बसविले. नांदेड-वाघाळा महापालिकेत बहुमत भाजपला मिळाले आणि ज्या काँग्रेसने तेथे वर्षानुवर्षे राज्य केले तिला विरोधकांच्या रांगेत, तीही इतर पक्षांच्या बरोबरीने, जागा शोधावी लागली. विजयाची कारणमीमांसा पुष्कळ झाली. येथे विचार करावयाचा आहे तो हरलेल्यांचा. कारण पुढील पाच वर्षांत नळाला पाणी किती येईल आणि गटार कधी उपसले जाईल, हे जिंकलेल्यांइतकेच हरलेल्यांवरही अवलंबून आहे.

जो पक्ष लातुरात हिशेब मागणार, त्यालाच नांदेडात हिशेब द्यावयाचा आहे. आणि जो नांदेडात मागणार त्याला लातुरात द्यावयाचा आहे. असा योग क्वचित जुळून येतो. एका शहरात मागितलेली गोष्ट दुसऱ्या शहरात आपल्याच माणसांकडून करून दाखविता येते, आणि करून दाखविली नाही तर मागणाऱ्याचे तोंड आपोआप बंद होते.

आपल्याकडे महापालिकेतील विरोध म्हटला की काही ठरावीक चित्रे डोळ्यांसमोर येतात. रिकाम्या घागरींचा मोर्चा, आयुक्तांच्या दालनात ठिय्या, सभागृहात महापौरांसमोरचा राजदंड पळविणे, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र. मोर्चाला नावे ठेवण्याचे कारण नाही. लोकांचा संताप कोठेतरी प्रकट व्हावयासच हवा. परंतु घागरी घरी गेल्यानंतर काय, हा खरा प्रश्न आहे. त्या दिवशी कोणत्या टाकीतून किती वाजता पाणी सोडले, ते कोणत्या भागात पोहोचले नाही आणि का, हे सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घेण्याचे कंटाळवाणे काम छायाचित्रात दिसत नाही. म्हणूनच ते कोणी फारसे करीत नाही.

लातूरचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. नगरपरिषदेची महापालिका २०११ मध्ये झाली आणि २०१२ च्या पहिल्या निवडणुकीत ७० पैकी ४९ जागा काँग्रेसला मिळाल्या. विरोधी बाकांवर प्रामुख्याने राष्ट्रवादी काँग्रेस होती, १३ सदस्यांची. त्याच सभागृहाच्या कारकीर्दीत शहराची तहान देशभर गाजली. मार्च २०१६ मध्ये पाणवठ्यांवर १४४ कलमाखाली जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पहिली ‘जलदूत’ गाडी दहा वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन आली. पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेस २५ लाख लिटर आणू लागली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार होती. त्या हिशेबाने एका खेपेचे पाणी माणशी साडेसहा लिटर पडते. अर्धी बादलीही नव्हे.

पुढच्याच वर्षी मतदारांनी काय केले? २०१२ मध्ये ज्या पक्षाचा एकही सदस्य सभागृहात नव्हता त्या भाजपला २०१७ मध्ये ३६ जागा मिळाल्या. सभागृहात पाच वर्षे बसलेल्या राष्ट्रवादीच्या वाट्याला आली एक. सत्ताधाऱ्यांवर रोष होता हे तर उघडच आहे. पण पाच वर्षे विरोधी बाकांवर बसलेल्यांना मतदारांनी विरोधक म्हणून ओळखलेच नाही, ही गोष्ट त्याहून विचार करण्याजोगी आहे. आणि नव्या बहुमताची कथाही सुरस झाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये भाजपच्याच काही सदस्यांनी वेगळी वाट धरल्याने महापौरपद पुन्हा काँग्रेसकडे गेले. कोण सत्तेत, कोण विरोधात, हे लक्षात ठेवण्यासाठी नागरिकाला वही जवळ बाळगावी लागावी, अशी ही अवस्था होती.

नांदेडची तऱ्हा वेगळी. तेथे २०१७ मध्ये ८१ पैकी ७३ जागा एकट्या काँग्रेसला मिळाल्या, भाजपला सहा. २०१२ मध्ये अकरा जागा जिंकून महाराष्ट्रात पहिल्यांदा पाय रोवणाऱ्या मजलिसला त्या वेळी एकही जागा राखता आली नाही. सोळा सदस्यांच्या स्थायी समितीत पक्षबलानुसार जागा वाटल्या जातात. अशा सभागृहात तेथे विरोधकांचा आवाज नावापुरताच उरतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोकराव चव्हाण भाजपमध्ये गेले आणि शहराचे राजकारणच कुशीवर वळले. कालचे सत्ताधारी आणि आजचे सत्ताधारी यांच्यात पक्षाचे नाव बदलले, चेहरे तितकेसे बदलले नाहीत. अशा वेळी विरोधकाने व्यक्तींवर तोफा डागल्या तर त्या निम्म्या आपल्याच जुन्या घरावर पडतात. त्याने विषय धरावा हे बरे.

विषय धरावयाचा तर सुरुवात रिकाम्या राहिलेल्या काळापासून करावी लागेल. दोन्ही महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली. आरक्षणाच्या वादामुळे निवडणुका लांबल्या, सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिल्यावर हालचाल सुरू झाली. मधली तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांचा कारभार होता. आयुक्त म्हणून अंदाजपत्रक मांडावयाचे, स्थायी समिती म्हणून ते तपासावयाचे आणि सर्वसाधारण सभा म्हणून ते मंजूर करावयाचे, ही तिन्ही कामे एकाच व्यक्तीने केली. ती व्यक्ती प्रामाणिक असेल, कार्यक्षमही असेल. पण स्वतःच्या उत्तरपत्रिका स्वतःच तपासण्याची मुभा आपण शाळेत कोणालाही देत नाही. या काळात कोणती कामे निघाली, तातडीची बाब म्हणून निविदेविना कोणती दिली गेली, त्यांतली पूर्ण किती झाली आणि देणी किती उरली, याची श्वेतपत्रिका मागणे हे दोन्ही शहरांतल्या विरोधकांचे पहिले काम आहे. यात आरोप कोणावरच नाही, कारण त्या काळात कोणताही पक्ष सभागृहात नव्हता. म्हणूनच सत्ताधाऱ्यांनाही ती नाकारण्याचे कारण उरत नाही.

आता पाणी. लातूरच्या पाण्याविषयी बोलताना आपण मांजरा धरणाकडे आणि आकाशाकडे पाहतो. धनेगावचे धरण कोरडे पडले म्हणजे शहर कोरडे, हे खरेच आहे. पण धरण भरले म्हणजे नळाला रोज पाणी, हे मात्र लातूरकरांच्या अनुभवाला उतरलेले नाही. मधल्या वाटेवर पाणी कोठे जाते? किती उचलले, हरंगुळच्या शुद्धीकरण केंद्रातून किती बाहेर पडले, घरोघर किती पोहोचले आणि किती पाण्याची पट्टी वसूल झाली, हे चार आकडे दरमहा शेजारी शेजारी मांडले तर निम्मी भाषणे आपोआप थांबतील.

येथे एक जुनी गोष्ट आठवते. २००८ च्या सुमारास लातूर शहराच्या पाणीपुरवठ्याचे व्यवस्थापन जीवन प्राधिकरणामार्फत खाजगी कंपनीकडे सोपविण्यात आले. मीटर आले, दरवाढीची धास्ती आली आणि शहरात मोठे आंदोलन उभे राहिले. पुढे ती व्यवस्था गुंडाळावी लागली. तो नागरिकांचा विजय होता, आणि पाणी हा नफ्याचा व्यवहार होऊ नये ही भूमिका योग्यच होती. तथापि खाजगी नको, मग काय हवे, या प्रश्नाचे उत्तर त्या विजयानंतर तितक्याच जोराने कोणी मागितले नाही. मीटरबरोबर मोजमापाचा विचारही हद्दपार झाला. ज्याच्या गल्लीत वाहिनीचा उतार अनुकूल त्याच्याकडे तोटीविना पाणी वाहते आणि चढावरचा माणूस टँकरवाल्याला पैसे मोजतो. म्हणजे पाण्याचा बाजार टळला नाहीच. तो फक्त महापालिकेच्या वहीबाहेर गेला. नाही म्हणण्यात आपला विरोध वाकबगार आहे. त्यापुढचे पाऊल मात्र त्याला जड जाते.

लातूरच्या विरोधकांनी, म्हणजे आता भाजपने, प्रभागवार पाण्याचे वेळापत्रक आणि ते मोडल्यास कारण जाहीर करण्याचे बंधन, एवढीच एक मागणी वर्षभर लावून धरली तरी पुरे. आणि हीच मागणी नांदेडात, जेथे त्यांची सत्ता आहे तेथे, आधी अमलात आणावी. तेथे तर गोदावरी दाराशी आहे, विष्णुपुरीचा जलाशय शहराला लागून आहे.

नांदेडचे खरे दुखणे पाणी येण्याचे नाही, जाण्याचे आहे. २००८ च्या गुरुता गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने आणि केंद्राच्या नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेतून या शहरात जेवढा पैसा आला तेवढा मराठवाड्यातील त्याच्या बरोबरीच्या दुसऱ्या शहराने क्वचितच पाहिला असेल. रस्ते रुंद झाले, पूल झाले, घाट बांधले गेले. परंतु शहराचे नाले गोदावरीला मिळण्याचे थांबले नाहीत. नगीना घाटावर देशविदेशांतून आलेला यात्रेकरू ज्या पाण्याला हात लावतो, त्यात वरच्या वस्तीचे सांडपाणी मिसळलेले असते. मलनिस्सारणाची वाहिनी जमिनीखाली असते, तिच्यावर कोनशिला बसविता येत नाही. हे तिच्या उपेक्षेचे कारण असावे, अशी शंका घ्यावयास जागा आहे. नांदेडच्या विरोधकांना, मग ते काँग्रेसचे असोत वा आणखी कोणाचे, आपल्याच काळात अपुरे राहिलेले काम मागावे लागणार आहे. त्यात थोडी अडचण आहे. पण ‘हे आमच्याकडून राहिले, तुम्ही करा’ असे म्हणणारा विरोधक लोकांना आवडतो, असा माझा समज आहे. निदान असा एखादा पाहावयास तरी मिळावा!

कचऱ्याविषयी फार लिहीत नाही. लातूरला वरवंटीचा आणि नांदेडला तुप्प्याचा डेपो तेथील रहिवाशांना ठाऊक आहे. ओला-सुका वेगळा केल्याशिवाय हे डोंगर कमी होणार नाहीत, हेही सर्वांना ठाऊक आहे. लातूरबाबत एक गोष्ट मात्र निराळी सांगितली पाहिजे. ‘लातूर पॅटर्न’च्या कीर्तीने हजारो मुलेमुली तेथे शिकवण्यांसाठी खोल्या घेऊन राहतात. ती पाणी वापरतात, कचरा करतात, रात्री उशिरा अंधाऱ्या रस्त्यांनी अभ्यासिकेतून परततात. पण बहुतेकांचे मत गावाकडे असते किंवा वयच मतदानाचे नसते. जनगणनेच्या आकड्यांवर आखलेल्या योजनेत ती बसत नाहीत आणि नगरसेवकाच्या मतांच्या गणितातही नाहीत. ज्यांचे मत नाही त्यांची बाजू मांडणे हे विरोधकाला सत्ताधाऱ्यापेक्षा सोपे असते. कोणी मांडील काय?

सामान्य माणसाची आणखी एक पंचाईत आहे. चार-चार सदस्यांच्या प्रभागामुळे तक्रार कोणाकडे न्यावी हेच कळत नाही. पहिला दुसऱ्याकडे बोट दाखवितो, दुसरा तिसऱ्याकडे. तीन लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात, असे ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून सांगितले आहे. क्षेत्रसभांची तरतूदही महाराष्ट्राने २००९ मध्ये केली. ती बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली, कारण सत्ताधाऱ्यांना ती नको असते आणि विरोधकांना आपण उद्या सत्ताधारी होऊ अशी आशा असते. विरोधी नगरसेवकांना क्षेत्रसभेसाठी आग्रह धरता येईल. आणि ती मिळेपर्यंत आपल्या प्रभागातील शाळेच्या आवारात महिन्यातून एकदा लोकांसमोर बसावयास तर कोणाच्याही परवानगीची गरज नाही.

सभागृहातही त्यांच्या हाती काही नाही असे नव्हे. आयुक्तांना प्रश्न विचारता येतो, स्थायी समितीत बसता येते, ठरावावर विरोध नोंदविता येतो. सर्वांत घातक असतात ते ऐनवेळचे विषय. विषयपत्रिकेवर नसलेले, सदस्यांनी न वाचलेले आणि गोंधळात ‘मंजूर, मंजूर’ म्हणून पुढे ढकललेले विषय. गोंधळ विरोधकांनी घालावयाचा आणि त्याच्या आडून ठराव सत्ताधाऱ्यांनी उरकावयाचे, ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. विरोधी पक्षनेत्याला गाडी मिळते, दालन मिळते. त्या दालनात मागील पाच अंदाजपत्रके आणि सर्व सभांची इतिवृत्ते नागरिकांना वाचावयास ठेवली, तरी त्या दालनाचे चीज होईल.

शंकरराव चव्हाण नांदेडचे नगराध्यक्ष होते आणि शिवराज पाटील लातूरचे. एक पुढे मुख्यमंत्री झाले, दुसरे लोकसभेचे अध्यक्ष. दोघेही केंद्रात गृहमंत्री झाले. या दोन जिल्ह्यांनी राज्याला मुख्यमंत्रीही एक-दोन नव्हे, चार दिले. पालिकेच्या सभागृहाला क्षुल्लक मानण्याची रीत निदान येथे तरी नव्हती.

महापालिकेची सभा, सदस्यांनी बहुमताने वेगळे ठरविले नाही तर, नागरिकांना खुली असते. सभागृहात त्यांच्यासाठी सज्जा असतो आणि तो बहुधा रिकामा असतो. अंदाजपत्रकाच्या सभेला नांदेडात आणि लातुरात पाच-दहा शिक्षक, चार कारकून आणि महाविद्यालयातील राज्यशास्त्राचा एखादा वर्ग तेथे वही-पेन्सिल घेऊन बसला, तर विरोधी बाकांवरून कोण काय बोलले, कोण गप्प राहिले आणि मतदानाच्या वेळी कोण बाहेर चहाला गेले, याची एक नोंद तरी तयार होईल.