माल गरम आहे तोवर

कविता करणाऱ्याने रस्त्यावर बोलावे, याचे नवल वाटेल. पण पैठण गेटहून स्कूटरने घरी परतणाऱ्याला हा विषय टाळता येत नाही.

खड्डा पावसात दिसतो. त्याचे कारण बहुधा उन्हाळ्यातच घडलेले असते. नेहमीच्या डांबराचा माल १४० अंशांच्या वर असताना अंथरावा आणि ९० अंशांच्या खाली उतरण्याआधी दाबून संपवावा, असा दंडक आहे. थंड माल नीट दबत नाही. आत पोकळ्या राहतात आणि त्यांतून पाणी शिरते.

आजवर हे रोलरवाल्याच्या अंदाजावर चाले. २०२२च्या जूनमध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला. अशा वेगापुढे नुसता अंदाज कसा पुरावा?

आता रोलरवर कंपन, उष्णता आणि जागा टिपणारी यंत्रे बसवता येतात. माठ घेताना आपण टिचकी मारून पाहतो ना, तसेच हे. खालचा थर घट्ट होत गेला की कंपनाचे उत्तर बदलते. कुठे किती फेऱ्या झाल्या, कुठे माल निवला, हे चालकाला पडद्यावर रंगांत दिसते. बिल मंजूर करताना ही नोंद मागितली, तर लपवालपवी अवघड होईल.

एक अडचण मात्र आहे. वरचा थर पातळ असला, तर खालच्या भरावाचा कसही त्या कंपनात मिसळतो. आपल्याकडची काळी माती तर उन्हात भेगाळते, पावसात फुगते. म्हणून रस्त्याला भोक पाडून नमुना तपासणे अजून सुटलेले नाही.