ॲडव्हान्स टॅकल (कबड्डी)

ॲडव्हान्स टॅकल हा कबड्डीतील पकडीचा एक आक्रमक प्रकार आहे. चढाईपटू अंगावर येण्याची किंवा त्याची चूक होण्याची वाट न पाहता बचावपटू स्वतः पुढे झेपावतो आणि त्याला पकडण्याचा प्रयत्न करतो, तेव्हा त्या पकडीला हे नाव देतात. प्रो कबड्डीच्या समालोचनामुळे हा शब्द मराठी प्रेक्षकांत रुळला. कृती मात्र हुतूतूइतकीच जुनी आहे. अशी पकड यशस्वी झाली की प्रेक्षक उभे राहतात आणि फसली की प्रशिक्षक डोक्याला हात लावतात. त्यामुळे पकड कशी करावी यापेक्षा ती केव्हा करावी, हा कबड्डीच्या बचावातील अधिक अवघड प्रश्न मानला जातो.

अमेरिकन फुटबॉलमध्ये याला जवळचा डावपेच ‘ब्लिट्झ’ हा आहे. तेथे बचाव करणारा संघ एरवी साधारणपणे चार खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या क्वार्टरबॅकवर सोडतो. ब्लिट्झमध्ये त्यांच्या जोडीला मागचे एकदोन खेळाडूही धावून जातात. क्वार्टरबॅक सापडला तर मोठा लाभ होतो, पण चेंडू वेळेत सुटला तर मागे मोकळे मैदान राहते. कबड्डीत चेंडू नसला तरी व्यवहार हाच आहे.

मैदान आणि नियमांचा संबंध

पुरुषांचे मैदान १३ × १० मीटर असते. म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला ६.५ मीटर खोलीचे अंगण येते. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा आणि तिच्या मागे १ मीटरवर बोनस रेषा असते. चढाईपटूने एका दमात, ३० सेकंदांच्या आत, किमान एकदा निदान रेषा ओलांडावी लागते. कोणालाही स्पर्श न करता आणि ही रेषा न ओलांडता तो परतला तर बाद होतो. त्यामुळे निदान रेषेच्या अलीकडे घुटमळणाऱ्या चढाईपटूवर धावून जाण्यात सहसा शहाणपण नसते. नियमच त्याला आत यायला भाग पाडणार असतो. शिवाय तेथून मध्यरेषा जवळ असते. पकडला गेलेला चढाईपटू आडवा पडून हाताचे बोट जरी त्या रेषेला लावू शकला, तरी त्याला स्पर्श झालेले सर्व बचावपटू बाद ठरतात.

दुसरी बाब दोन्ही बाजूंच्या एकेक मीटर रुंदीच्या राखीव क्षेत्राची, म्हणजे लॉबीची. चढाईपटू आणि बचावपटू यांचा स्पर्श होईपर्यंत हे क्षेत्र खेळाबाहेर असते; स्पर्श होताच ते खेळात येते आणि ८ मीटर रुंदीचे अंगण १० मीटर होते. घाईने घातलेला व निसटलेला हात चढाईपटूला केवळ एक गुण देत नाही, तर पळून जाण्यासाठी जास्तीची जागाही देतो.

योग्य क्षण

जाणकार बचावपटू चढाईपटूच्या हातांकडे किंवा डोळ्यांकडे न पाहता कंबर आणि पायांकडे पाहतो. हुलकावणी हाताने व खांद्याने देता येते. शरीराचा भार कोणत्या पायावर आहे, हे मात्र लपवता येत नाही. बोनस रेषा ओलांडताना चढाईपटूचा एक पाय रेषेपलीकडे टेकलेला आणि दुसरा हवेत असावा लागतो. त्या अर्ध्या सेकंदात त्याला दिशा बदलता येत नाही. कोपरारक्षकाने घोटा धरायचा तो तेव्हाच. पाय लांबवून बोटाने स्पर्श करण्याचा प्रयत्न फसल्यावर तो पाय मागे घेण्याचा क्षणही असाच असतो.

तिसरी संधी परतीची. चढाईपटू मध्यरेषेकडे वळतो तेव्हा त्याची पाठ किंवा बाजू बचावाकडे असते. चढाईच्या अखेरच्या पाचसहा सेकंदांत हे वळणे अटळ असल्याने अनेक बचावफळ्या तेवढ्यासाठी थांबून राहतात. पुढे झेपावणे याचा अर्थ लवकर झेपावणे असा नाही, ही गोष्ट नवोदितांना समजायला बराच काळ जातो.

एकट्याने झेप घेतली तर ती बहुधा अपुरी पडते. कोपरारक्षकाने घोटा धरताच शेजारच्या मध्यरक्षकाने कंबर किंवा मांडी धरून मध्यरेषेचा रस्ता अडवावा लागतो. हातात हात घालून उभ्या असलेल्या साखळीतील एकाने इशाऱ्याविना उडी घेतली, तर साखळी तुटते आणि नेमकी त्या मोकळ्या जागेतून चढाईपटू निघून जातो. मुंबईच्या संघाने २०१५ साली प्रो कबड्डीचे विजेतेपद मिळवले, तेव्हा डाव्या कोपऱ्यातील सुरेंदर नाडा आणि उजव्या कोपऱ्यातील मोहित छिल्लर यांची जोडी या समन्वयासाठी वाखाणली गेली.

गुणांचा हिशेब

यशस्वी पकडीचा १ गुण मिळतो आणि बाद झालेला एक गडी परत येतो. एकाच बचावपटूने केलेली पकड फसली तर १ गुण जातो. अशा वेळी निम्म्याहून अधिक प्रयत्न यशस्वी होत असतील तरच पुढे जाणे फायद्याचे. दोघांचा स्पर्श होऊन पकड सुटली तर २ गुण जातात. मग तीनपैकी दोनाहून अधिक वेळा यश हवे. अर्थात दुसऱ्याच्या मदतीने यशाची शक्यताही वाढते आणि काहीच न करणाऱ्या बचावालाही गुण गमवावे लागू शकतात, म्हणून हा हिशेब ढोबळ आहे.

अंगणात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असता चित्र बदलते. तेव्हा केलेल्या पकडीला अव्वल पकड म्हणतात आणि तिचे २ गुण मिळतात. तिघांपैकी एकाच्या स्पर्शाने पकड सुटली तर मात्र १ गुण जातो; म्हणजे तीनपैकी एकाहून थोडे अधिक यशही पुरेसे ठरते. उलट एकच गडी उरला असेल तर फसलेल्या पकडीने १ गुण आणि वर लोणाचे २ असे ३ गुण जातात, आणि पाचपैकी तीनाहून अधिक यश आवश्यक होते. तीन गडी असताना धाडस करणारा आणि एकटा उरल्यावर अंतिम रेषेजवळ सरकून वेळ काढणारा खेळाडू भित्रा नसतो; त्याचे गणित चांगले असते.

तिसरी चढाई

सलग दोन चढाया निष्फळ गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवणे बंधनकारक असते. न मिळाल्यास चढाईपटू बाद होतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये तिसऱ्या प्रयत्नात मोठे अंतर कापायचे असेल, तेव्हा ब्लिट्झची शक्यता वाढते. कबड्डीत तर्क उलटा चालतो. येथे घड्याळ बचावाच्या बाजूने असते, म्हणून निर्वाणीच्या चढाईत खोल उभे राहून चढाईपटूला आत ओढणे अधिक लाभदायक. तरीही अशा चढायांमध्ये कितीतरी गुण बचावपटूंच्या अधीरतेतूनच दिले जातात. या नियमामुळे मुद्दाम दोन चढाया रिकाम्या सोडून तिसरीला घेरण्याचा संथ खेळही रूढ झाला, आणि जुन्या प्रेक्षकांना तो फारसा आवडत नाही.

संयम सुटल्याची किंमत किती असू शकते, हे ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊ आशियाई खेळांच्या अंतिम सामन्यात दिसले. भारत आणि इराण २८–२८ असे बरोबरीत असताना शेवटच्या मिनिटांत पवन सेहरावत निर्वाणीची चढाई करण्यास गेला व कोणालाही स्पर्श होण्यापूर्वी राखीव क्षेत्रात शिरला. इराणचे बचावपटू त्याच्या मागोमाग तेथे गेले. स्पर्शाविना राखीव क्षेत्रात गेलेल्या बचावपटूंनाही बाद धरायचे की केवळ चढाईपटूला, यावरून वाद पेटला आणि सामना बराच वेळ थांबला. अखेर भारत ३३–२९ असा विजयी झाला. बचावपटू आपल्या जागी उभे राहिले असते, तर वादाला कारणच उरले नसते.

महाराष्ट्रातील शैली

पुणे जिल्ह्यातील मावळ-मुळशीपासून कोकणापर्यंत कबड्डी दीर्घकाळ मातीवर आणि अनवाणी खेळली गेली. मॅट आणि बूट आल्यावर पायाला पकड मिळाली आणि चढाईपटूचे वळणे वेगवान झाले. बचावालाही प्रतिक्रियेचा वेळ कमी उरला. बालेवाडी हे घरचे मैदान असलेल्या पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सला २८–२५ असे हरवून आपले पहिले प्रो कबड्डी विजेतेपद मिळवले. त्या हंगामात पकडीचे सर्वाधिक गुण पलटणच्याच महंमदरेझा शादलू याने मिळवले. डाव्या कोपऱ्यातील हा इराणी खेळाडू पुढे झेपावण्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या चुकाही डोळ्यांत भरतात. मात्र मागे भरवशाची फळी असल्याने संघाला त्या परवडल्या. त्याच्याआधी पलटणचा कर्णधार राहिलेला फझल अत्राचली हाही डाव्या कोपऱ्यातलाच. प्रो कबड्डीत पकडीचे सर्वाधिक गुण त्याच्या नावावर आहेत, आणि त्याची ख्याती घोटा पकडण्याआधी चढाईपटूला आणखी एक पाऊल आत येऊ देण्याच्या सबुरीबद्दल आहे.