शिकता शिकता शिकविणे

नाशकात अशोकस्तंभापासून निघालेला गंगापूर रोड सोमेश्वरावरून पुढे गंगापूर गावाकडे व तेथील धरणाकडे जातो. या रस्त्याच्या दोहों अंगांस आता दाट वस्ती झाली आहे. दिवेलागणीच्या सुमारास आतल्या एखाद्या गल्लीतून जावे, तो वरच्या मजल्यावरून पेटीचे सूर आणि त्यांच्यामागून अडखळत येणारे सा रे ग म कानी पडतात. शिकविणारे कोणी वयोवृद्ध बुवा असतील असे समजून आपण वर पाहावे, तर तेथे विशारदाच्या परीक्षेची तयारी करणारी वीस-एकवीस वर्षांची मुलगी दिसते. सकाळी ती गुरूंपुढे बसून ‘चुकले’ म्हणते आणि सायंकाळी तिलाच दुसऱ्याची चूक दाखवावी लागते.

आमच्या घरीही अशी एक मुलगी शिकवावयास येत असे. आम्हां तिघा भावांची मिळून पाच मुले तिच्यापुढे बसत. एका दिवाळीत पंधरा दिवस शिकवणी बंद राहिली, तेव्हा आम्ही हिशेबीपणाने तिला अर्ध्याच महिन्याचे पैसे दिले. ती काही बोलली नाही. पुढे सहज बोलण्यात निघाले की, आपल्या गुरूंची दक्षिणा ती याच पैशांतून देत असते. म्हणजे आम्ही तिची मिळकत कापली असे नव्हे, तर तिचे शिक्षणच कापले. ती खंत मनातून जाईना, म्हणून हा लेखप्रपंच.

हा प्रश्न काही आजचा नव्हे. पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, तेव्हा त्यांच्यापुढेही तो उभा होता. गवई मिळतील, पण शिक्षक कोठून आणावयाचे? त्यांनी स्वतः मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी राहून विद्या संपादन केली होती. परंतु गुरुगृहीची ती रीत मोजक्यांनाच पुरणारी. म्हणून त्यांनी उपदेशक वर्ग काढला. निवडक विद्यार्थ्यांच्या अन्नवस्त्राचा व निवासाचा भार विद्यालयाने उचलावा, त्यांनी ठरलेल्या मुदतीपर्यंत शिकावे, आणि शिकत असतानाच खालच्या वर्गांना शिकवावे, अशी ती योजना होती. शिक्षकाचे वर्तन स्वच्छ असावे, याविषयी पंडितजींचा कटाक्ष असे. घरंदाज कुटुंबे आपल्या मुलामुलींस गाणे शिकवू लागली, त्याला कारण हा विश्वासच होय.

त्यांचे शिष्य पं. ओंकारनाथ ठाकूर यांचा जन्म १८९७ चा. १९१६ साली लाहोरच्या विद्यालयाची धुरा त्यांच्यावर आली, तेव्हा ते अवघे एकोणीस वर्षांचे होते. परंतु पद मिळाले म्हणून त्यांचे शिकणे थांबले नाही; पंजाबातील गायकांचे गाणे ते कान देऊन ऐकत राहिले.

या कथेचा शेवट नाशिककरांस अधिक जवळचा आहे. गंगापूर रोडने माघारी येऊन गोदावरी ओलांडली की पंचवटी लागते. मुंबईची विद्यालयाची वास्तू कर्जापायी गेल्यावर पंडितजींचे वास्तव्य येथील रामनाम आधार आश्रमात असे. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस ते निवर्तले. वास्तू गेली, परंतु शिक्षक उरले होते. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले, आणि त्याच्या परीक्षांना आज गावोगावची मुले बसतात.

आता, विद्यार्थिदशेतील शिक्षकाची जबाबदारी कोणती? आमच्या मते पहिली जबाबदारी मुलाच्या गळ्याची. शिक्षिकेचा स्वतःचा षड्ज पांढरी पाचला असेल, म्हणून पाचही मुलांनी त्याच पट्टीत गावे हा आग्रह घातक होय. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटू लागला की त्याला तारसप्तकात ओढू नये. काही महिने मंद्र-मध्यात, हलक्या आवाजात गाऊ द्यावे. समारंभात टाळ्या मिळाव्यात म्हणून ताणलेला गळा पुढे दुरुस्त होईलच असे नाही.

दुसरी जबाबदारी कानाची. पेटी सोयीची खरी, पण तिचा गांधार शुद्ध गांधाराहून किंचित चढा असतो. तंबोऱ्याची खर्जाची तार नीट लागली, तर तीतून गांधार आपसूक उमटतो. तो ऐकावयास ज्याने मुलाला शिकविले, त्याने दहा रागांच्या चिजांहून अधिक दिले.

तिसरी जबाबदारी स्वतःच्या रियाजाची. भूपाचे तेच ते अलंकार सायंकाळभर सांगून गळा थकतो आणि पहाटेचा रियाज बुडू लागतो. शिकवण्या वाढल्या म्हणजे आपण वाढलो, हा भ्रम येथेच जडतो. पण जो स्वतः शिकावयाचे थांबला, त्याच्यापाशी दोन वर्षांनी देण्याजोगे काय उरणार?

शेवटची जबाबदारी सर्वांत अवघड: आपली मर्यादा ओळखण्याची. ‘मला येथवर येते, यापुढे तू माझ्या गुरूंकडे जा,’ असे शिष्याला सांगताना एक शिकवणी कमी होते. तथापि ज्या दिवशी हे वाक्य तोंडून निघेल, त्या दिवशी ती मुलगी खऱ्या अर्थाने शिक्षिका झाली असे आम्ही समजू.

पण या जबाबदाऱ्या एकट्या तिच्याच कशा? त्यांतला निम्मा भार आपल्या घरांवर आहे. तिसऱ्या महिन्यात ‘अजून एकही गाणे येत नाही?’ असे आपणच विचारतो. गणेशोत्सवात नातवाने गावे म्हणून आजोबा घाई करतात आणि परीक्षेच्या प्रमाणपत्रासाठी आई अधीर होते. मग ती बिचारी सूर सोडून गाणे बसवून देते आणि आपण संतुष्ट होतो. ‘ती अजून शिकतेच आहे’ हे कारण सांगून आपण तिचे मानधन कमी ठरवितो. खरे तर ते वेळेवर व पुरते देण्याचे तेच मोठे कारण आहे. सुट्टीचा महिना असो वा परीक्षेचा, तिची दक्षिणा थांबत नाही.

असो. ते राहिलेले अर्धे मानधन आम्ही दोन महिन्यांनी तिच्या हाती ठेवले. तिने क्षणभर संकोचून ते घेतले. पुढच्या आठवड्यात ती आली, तेव्हा तिच्या तंबोऱ्याला नव्या तारा होत्या. त्या दिवशी मुलांना तिने एकही चीज सांगितली नाही. डोळे मिटून नुसता षड्ज ऐकावयास लावला. माजघरातून आम्हीही तो ऐकला.