पिवळी भिंत आणि पिवळे दार

कोल्हापुरात शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत जी जुनी घरे अजून उभी आहेत, त्यांच्या भिंतींचे पोपडे निरखून पाहावेत. चुन्याचे कित्येक थर एकावर एक दिसतात. निळसर थर निळीचा, पिवळसर थर पिवडीचा. माजघरात उजेड कमी, तेथे पिवळसर भिंत घर उजळवी. पिवळा पृष्ठभाग प्रकाशातील तांबडा आणि हिरवा हे दोन्ही भाग परावर्तित करतो आणि पिवळ्या-हिरव्या प्रकाशाला आपला डोळा सर्वांत संवेदनशील असतो.

पिवडी म्हणजे पिवळी माती. तिचा रंग गोएथाइट या लोहाच्या खनिजाचा. पन्हाळ्याच्या बाजूला जांभ्या दगडात तांबड्याबरोबर पिवळे पट्टे दिसतात, तेही बहुधा याचेच. अशी माती लोखंडी पळीत चांगली तापवली, की सुमारे ३०० अंश सेल्सिअसला खनिजातील पाणी निघून जाते, हेमॅटाइट तयार होते आणि मातीला गेरूचा रंग येतो. हा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा.

विद्यार्थी विचारतील, शेजारी सांगलीला हळदीची एवढी मोठी पेठ असताना भिंतीला माती कशाला? याचे उत्तर चुन्यात आहे. चुन्याच्या निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. इतक्या अल्कधर्मी द्रावणात हळदीतील कर्क्युमिन तांबडे होते. हळदीचे कुंकू होते ते यामुळेच. शिवाय कर्क्युमिन उन्हात टिकत नाही. पट्टण कोडोलीच्या यात्रेत भंडाऱ्याने माखलेले कपडे धुऊन उन्हात टाकले, की पिवळेपणा भराभर उतरतो. गोएथाइटवर मात्र ना चुन्याचा परिणाम होतो, ना उन्हाचा.

दारे-खिडक्यांची गोष्ट वेगळी. तेथे तैलरंग लागतो आणि त्यात पिवळा आला तो बहुतेक लेड क्रोमेटचा. फ्रेंच रसायनज्ञ व्होकलँ यांनी सायबेरियातील एका तांबड्या शिसेखनिजात १७९७ साली क्रोमिअम शोधले, त्यातून पुढे हे रंगद्रव्य निघाले. भडक, स्वस्त आणि खालचा रंग पूर्ण झाकणारे! चुन्यात ते नारिंगी पडते, म्हणून भिंतीच्या सफेदीला निरुपयोगी. तेलात मात्र उत्तम टिकते. अणुभारांवरून हिशेब केला, तर लेड क्रोमेटच्या वजनात सुमारे ६४ टक्के शिसे भरते. हेच द्रव्य प्रशियन निळ्यात मिसळून हिरवा रंग करीत, तेव्हा संशय हिरव्या दारांवरही घ्यायला हवा.

रंगाचा थर अखंड असेपर्यंत फारसे बिघडत नाही. धोका असतो तो दिवाळीआधी रंगारी जुना रंग पॉलिश पेपरने कोरडा घासतो तेव्हा. धूळ फरशीवर बसते, रांगत्या मुलाच्या हाताला लागते आणि हातावरून तोंडात जाते. वाढत्या मेंदूला शिशाने होणारी हानी भरून येत नाही, आणि शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित असल्याचे ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त चालत नाही. शुद्ध लेड क्रोमेटमध्ये ते ६,४०,००० भाग असते! पण नियम नव्या डब्याला लागू आहे. दारावरच्या जुन्या थरांचे काय? त्याआधी रंगवलेली दारे, गज, शाळेतील बाके यांत शिसे आहे असेच धरून चालावे. नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. घासायचे तर पाणी मारून घासावे, बर्नरने जाळू नये, मुलांना दूर ठेवावे आणि फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी.

आजच्या इमल्शनमधील मातकट पिवळा बहुधा कारखान्यात बनवलेल्या गोएथाइटचाच असतो. लखलखीत छटांसाठी सेंद्रिय अझो रंगद्रव्ये किंवा बिस्मथ व्हॅनाडेट वापरतात. शाळेसाठी तैलरंग घेताना डब्यावर शिशाच्या प्रमाणाचा उल्लेख आहे की नाही ते पाहावे, आणि नसेल तर डबा दुकानातच ठेवावा.