तापाचा कितवा दिवस?

बदलापूरच्या शिरगावात पावसाळ्यात आशाताई दारात आल्या, की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काकू, घरात कुणाला ताप?" आणि लगेच दुसरा, "पिंप बघू का?"

मोरीतल्या निळ्या पिंपात ताईंसोबतच्या आरोग्यसेवकाने टॉर्च मारला. पृष्ठभागाला शेपटी लावून उलट्या लटकलेल्या अळ्या उजेडासरशी वळवळत तळाला गेल्या. पिंप नुसतं ओतून भागत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेलगत काठाला चिकटतात, कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात. "काथ्याने घासा," असं ताई दर घरी का सांगतात, ते तेव्हा कळलं.

शेजारच्या घरात मुलगा तापाने पडला होता. "कितवा दिवस?" तिसरा. चाचणी कोणती करायची हे या उत्तरावरून ठरतं. पहिले पाच दिवस एनएस-१, म्हणजे विषाणूने रक्तात सोडलेलं प्रथिन शोधायचं. त्यानंतर शरीराने तयार केलेली आयजीएम प्रतिपिंडं. त्यासाठी सरकारी प्रयोगशाळांना किट पुरवते ती पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. १९५२ साली सुरू झालेली.

आयजीएमची ही एलायझा चाचणी बघत राहावी अशी असते. ९६ खळग्यांची प्लेट. तळाशी बसवलेली प्रतिपिंडं रुग्णाचं आयजीएम पकडून ठेवतात, त्यावर डेंग्यूचं प्रतिजन चढवतात. मध्ये पुन्हा पुन्हा धुणं, कारण सैल राहिलेला एखादा कणही खोटा रंग देईल. शेवटी काही खळगे निळे होतात, आम्ल पडताच पिवळे.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते ताप उतरतानाचं. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप ओसरतो, घरचे सुटकेचा निःश्वास सोडतात, आणि नेमक्या त्याच वेळी काही रुग्णांच्या केशवाहिन्या गळू लागतात. रक्तातला द्रव बाहेर झिरपतो, रक्त घट्ट होतं, रक्तदाब ढासळू शकतो. विषाणूचे चार प्रकार आहेत. एकाची लागण आधी झालेली असली, तर त्या वेळची प्रतिपिंडं दुसऱ्या प्रकाराला रोखण्याऐवजी पेशीत शिरायला मदत करू शकतात, म्हणून दुसऱ्यांदा होणारा डेंग्यू जास्त धोक्याचा.

सगळ्यांचे डोळे प्लेटलेटच्या आकड्याला खिळलेले असतात. हेमॅटोक्रिट मात्र फारसं कुणी विचारत नाही; रक्त किती घट्ट झालंय, ते त्यातूनच कळतं. ताई त्या मुलाच्या आईला सांगत होत्या, "ताप गेला तरी दोन दिवस शाळा नको. लघवी किती वेळा होते बघा. पोट दुखलं, उलट्या थांबेनात, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा."